मुंबई बेटाचा आडवा लोहमार्ग

बेटांवरील लोहमार्गांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला तटानुगामी मार्गांचा. हे मार्ग किनाऱ्याच्या कडेने धावतात, बंदरामागून बंदर जोडत जातात आणि सपाट जमीन मिळाल्यामुळे कमी खर्चात बांधून होतात. दुसरा तटयोजक मार्गांचा. हे बेटाच्या एका किनाऱ्याहून निघतात, मधला भाग ओलांडतात आणि दुसऱ्या किनाऱ्याला जाऊन मिळतात. बहुतेक मोठ्या बेटांच्या मध्यभागी डोंगरांचा कणा असतो आणि वस्ती किनाऱ्यांना धरून असते. त्यामुळे तटयोजक मार्ग संख्येने थोडे असतात, त्यांना खर्च अधिक येतो, आणि अभ्यासकाला त्यांतून शिकण्यासारखेही अधिक असते.

या दुसऱ्या वर्गातील काही मार्ग जगप्रसिद्ध आहेत. ब्रिटनच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जवळ आणणारा न्यूकॅसल ते कार्लाइल हा मार्ग 1838 मध्ये पूर्ण झाला. भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर बास्तिया आणि अजॅक्सिओ ही दोन बंदरे जोडणारा मीटरमापी मार्ग 1894 मध्ये सलग झाला. त्यावरील व्हेकिओ नदीचा पूल आयफेल यांच्या कंपनीने बांधला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्चहून ग्रेमाउथला जाणाऱ्या मार्गाला दक्षिण आल्प्स पर्वत आडवा आला. तो भेदण्यासाठी खोदलेला साडेआठ किलोमीटर लांबीचा ओटिरा बोगदा 1923 मध्ये वाहतुकीस खुला झाला. इतक्या लांब आणि चढाच्या बोगद्यात वाफेच्या इंजिनाचा धूर कोंडला असता, म्हणून तेथे प्रारंभापासूनच 1500 व्होल्ट एकदिश प्रवाहाची, म्हणजे डीसी, विजेची इंजिने वापरली गेली. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. मुंबईच्या इतिहासात तो पुन्हा भेटणार आहे.

महाराष्ट्रातही असा एक तटयोजक मार्ग आहे आणि त्यावरून रोज लाखो लोक प्रवास करतात, तरी त्याचा या दृष्टीने क्वचितच विचार होतो. तो म्हणजे मुंबईच्या हार्बर मार्गाची वडाळा ते माहीम ही शाखा. मुंबईकराच्या मनातील शहराचा नकाशा उभा असतो. चर्चगेटहून विरारला, बोरीबंदरहून कल्याणला अशीच त्याची ये-जा चालते. पूर्व-पश्चिम हा भेद तो जाणतो, पण स्थानकाच्या कोणत्या बाजूला उतरायचे एवढ्यापुरताच. प्रत्यक्षात पूर्वेला बंदराचे शांत पाणी आणि पश्चिमेला उघडा अरबी समुद्र अशा दोन अगदी भिन्न स्वभावाच्या किनाऱ्यांमध्ये हे शहर वसले आहे, आणि बेट आडवे कापून त्यांना जोडणारा जुना लोहमार्ग हा एकच आहे.

मुंबई हे बेट आहे, हे विधान आज अनेकांना ऐतिहासिक वाटते. भूगोलदृष्ट्या ते अजूनही खरे आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम या सात बेटांमधील खाजणे भरून अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत एक सलग भूभाग तयार झाला. त्याच्या उत्तरेस माहीमची खाडी आणि तिला मिळणारी मिठी नदी आहे. त्यापलीकडे साष्टी हे दुसरे, आकाराने कितीतरी मोठे बेट आहे. वसईची खाडी, उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांनी ते मुख्य भूमीपासून वेगळे केले आहे. शीवचा बांध 1805 मध्ये, तर माहीमचा बांध 1845 मध्ये पूर्ण झाला आणि दोन्ही बेटांमध्ये रस्ता झाला. म्हणजे वांद्र्याहून दादरला येणारा प्रवासी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर येत असतो.

या भूगोलात साष्टीचे नाव आले की पुण्याच्या, त्यातही शनिवार पेठेच्या, वाचकाला काही वेगळे आठवावे. ओंकारेश्वराजवळ ज्यांची समाधी आहे त्या चिमाजी अप्पांनी 1737 मध्ये ठाणे घेऊन साष्टी पोर्तुगिजांकडून जिंकून घेतली आणि 1739 मध्ये वसई सर केली. ही मोहीम ज्या सत्तेने चालवली तिचे केंद्र असलेला वाडा याच पेठेच्या वेशीवर उभा आहे. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे बळकावेपर्यंत साष्टी मराठ्यांकडे होती. मिठीच्या पलीकडे मराठी फौज आल्यावर मुंबईतील इंग्रजांना आपल्या बेटाच्या उत्तर सीमेची चिंता वाटणे स्वाभाविक होते. धारावीच्या काळ्या किल्ल्यावरील शिलालेखात 1737 हेच वर्ष कोरलेले आहे. पश्चिमेला माहीमचा किल्ला, मध्ये काळा किल्ला आणि शीवचा किल्ला, पूर्वेला शिवडीचा किल्ला अशी ही संरक्षक साखळी बेटाच्या उत्तर टोकावर आडवी पसरली होती. पुढे आगगाडीचा आडवा मार्ग टाकताना अभियंत्यांनी जो पट्टा निवडला तो साधारणपणे याच साखळीच्या मागून जातो. हा योगायोग म्हणता येणार नाही. बेट कोठे अरुंद आहे आणि खाजण कोठे ओलांडता येते, हे किल्लेदार आणि रेल्वेचा अभियंता दोघांनाही पाहावेच लागते.

सुरुवातीचे दोन्ही लोहमार्ग तटानुगामी म्हणावे असेच होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, हिची पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बीबीसीआय, 1864 मध्ये गुजरातकडून खाली उतरत मुंबईत पोचली. एक कंपनी दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस आणी, दुसरी गुजरातचा. दोघींचे रूळ दादरला जवळजवळ खेटून जातात, पण दोघी स्वतंत्र कंपन्या होत्या. आणि ज्या गोद्यांतून हा माल जहाजांवर चढायचा त्या दोन्ही मार्गांपासून बाजूला, पूर्व किनाऱ्यावर होत्या. प्रिन्सेस गोदी 1880 मध्ये सुरू झाली, त्यानंतर व्हिक्टोरिया गोदी झाली, आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा गोदी, आजची इंदिरा गोदी, खुली झाली. रेल्वेचा माल गोदीपर्यंत नेण्याचा प्रश्न दर दशकाला अधिक बिकट होत गेला.

त्याचे उत्तर म्हणजे हार्बर शाखा. जीआयपीने कुर्ला ते रे रोड हा तिचा पहिला टप्पा 1910 मध्ये सुरू केला. त्याच सुमारास पोर्ट ट्रस्ट माझगाव आणि शिवडीच्या समुद्रात भर घालून शेकडो एकर नवी जमीन निर्माण करत होता. त्या जमिनीवर धान्याची, कोळशाची आणि कापसाची कोठारे उभी राहिली. कुलाब्याचा कापूसबाजार इकडे हलवण्यात आला. कॉटन ग्रीन या स्थानकाचे नाव त्यावरून आले आहे. 1 जानेवारी 1915 पासून पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत गोद्यांच्या मागून ती धावे, आणि वडाळ्याच्या विस्तीर्ण यार्डात जीआयपी व बीबीसीआय या दोन्ही कंपन्यांच्या मालगाड्यांशी तिची देवघेव होई.

बीबीसीआयच्या मालगाडीला पश्चिम किनाऱ्याजवळून पूर्व किनाऱ्याच्या वडाळ्याला पोचवणारा दुवा म्हणजेच माहीमची ही जोडशाखा. रेल्वेच्या परिभाषेत अशा मार्गाला कॉर्ड म्हणतात. संयोजक मार्ग हे त्याचे मराठी नाव मला अधिक अर्थवाही वाटते. लांबी जेमतेम पाच किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरात तो जे साधतो ते मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. वडाळा सोडल्यावर रावळी येथे हार्बर मार्गाचे दोन फाटे होतात. उजवा गुरू तेग बहादूर नगर आणि चुनाभट्टीवरून कुर्ल्याकडे जातो. डावा फाटा पश्चिमेला वळतो आणि उंचावरून किंग्ज सर्कल स्थानकात शिरतो. हे स्थानक फलाटांनी लहान आहे, पण त्याच्या जागेमुळे त्याला विशेष महत्त्व आहे. त्याच्या शेजारून डॉ. आंबेडकर मार्ग, म्हणजे शहराचा उत्तरेकडे जाणारा मुख्य रस्ता, रुळांखालून जातो. त्यानंतर माटुंगा आणि शीव यांच्या मध्ये ही शाखा मध्य रेल्वेचा मूळ मार्ग पुलावरून ओलांडते. एका कंपनीच्या शाखेने त्याच कंपनीच्या मूळ मार्गाच्या डोक्यावरून जावे आणि दुसऱ्या कंपनीला जाऊन मिळावे, ही रचना त्या काळच्या व्यापाराच्या निकडीतून आली आहे. पुढे धारावीच्या दक्षिण कडेने जाऊन मार्ग माहीमला पश्चिम रेल्वेला समांतर होतो. खाडीवरील पूल ओलांडला की मुंबई बेट संपते आणि वांद्र्याला साष्टी सुरू होते.

या मार्गाचे दक्षिणेकडील टोक बराच काळ अपुरे होते. रे रोडपासून व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत मधे दाट वस्ती, अरुंद रस्ते आणि गोद्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची अखंड वर्दळ होती. जमिनीवरून रूळ नेणे अशक्यच होते. म्हणून डॉकयार्ड रोडपासून सँडहर्स्ट रोडपर्यंत लोखंडी खांबांवर उन्नत मार्ग बांधण्यात आला. सँडहर्स्ट रोड हे त्यामुळे दुमजली स्थानक झाले. खाली मुख्य मार्गाचे फलाट आणि त्यांच्या वर आडवे हार्बरचे फलाट, अशी ही रचना आजही कोणी सहज जाऊन पाहू शकतो. डॉकयार्ड रोड स्थानकाला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरील बागेला लोकमान्यांचे सहकारी आणि होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्टा यांचे नाव आहे. बंदर, गोद्या आणि त्यांच्या कडेने जाणारी गाडी हे सारे एका दृष्टिक्षेपात पाहायचे असेल तर त्या बागेसारखी जागा नाही.

हा उन्नत मार्ग पूर्ण होताच भारतीय रेल्वेच्या इतिहासातील एक मोठी घटना त्यावर घडली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी, हार्बर मार्गाने, देशातील पहिली विजेची गाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले. विद्युतीकरणाची कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी 1904 मध्येच मांडली होती. मधल्या महायुद्धाने तिला विलंब झाला. स्वीकारलेली प्रणाली 1500 व्होल्ट एकदिश प्रवाहाची होती, म्हणजे दीड-दोन वर्षांपूर्वी ओटिराच्या बोगद्यात वापरलेलीच. तेथे कारण होते बोगद्यातला धूर. येथे कारण होते दाट वस्तीतली गाड्यांची वारंवारता. लहान अंतरावरच्या स्थानकांमध्ये लवकर वेग घेणारी आणि लवकर थांबणारी गाडी वाफेवर चालवणे किफायतीचे नव्हते.

या विजेचा विचार पुण्याच्या वाचकाने एका वेगळ्या बाजूनेही केला पाहिजे. उपनगरी गाड्यांना वीज पुरवणारे टाटांचे जलविद्युत जाळे सह्याद्रीच्या पाण्यावर उभे होते. खोपोलीचे केंद्र 1915 मध्ये आणि भिवपुरीचे 1922 मध्ये चालू झाले. मुळशीच्या धरणाचे पाणी कोकणात उतरवून चालणारे भिरा येथील केंद्र 1927 मध्ये त्यांना येऊन मिळाले. त्याच मुळशीत 1921 पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह केला होता. धरणाविरुद्धचा तो आपल्याकडील अगदी आरंभीचा लढा. मुंबईच्या गतीची किंमत कोणी मोजली, हे या मार्गाच्या कोणत्याही प्रामाणिक इतिहासात लिहिले गेलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

एकदिश प्रवाहाचे हे युग हार्बर मार्गावर सुरू झाले आणि मुंबईच्या उपनगरी जाळ्यात ते संपलेही हार्बर मार्गावरच. पश्चिम रेल्वेने 2012 मध्ये आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने 2015 मध्ये 25 हजार व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, स्वीकारला. हार्बर मार्गाचे परिवर्तन एप्रिल 2016 मध्ये पूर्ण झाले. सर्वांत आधी वीज घेणारा मार्ग सर्वांत शेवटी बदलला. त्याच वर्षी येथे नऊऐवजी बारा डब्यांच्या गाड्या सुरू झाल्या. जुन्या उन्नत मार्गावरील तोकडे फलाट लांबवणे हे त्यातले मोठे कष्टाचे काम होते.

आता साष्टीकडे वळू. त्या बेटावरही एक तटयोजक मार्ग होता, आणि त्याची कहाणी आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे. कुर्ला ते चेंबूर हा एकेरी मार्ग 1906 मध्ये शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी टाकण्यात आला आणि 1924 मध्ये प्रवाशांना खुला झाला. त्यानंतर 1928 मध्ये साष्टी–ट्रॉम्बे रेल्वे सुरू झाली. मध्य साष्टी ट्रामवे या नावानेही ती ओळखली जाई. ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत जाणारा हा सुमारे 13 किलोमीटरचा मार्ग जीआयपी चालवत असे. अंधेरी म्हणजे अगदी समुद्रकाठ नव्हे, वेसावे (वर्सोवा) तेथून काही अंतरावर आहे. तरीही पूर्वेची खाडी आणि पश्चिमेचा किनारा यांमधील साष्टीचा आडवा विस्तार या मार्गाने बांधून घेतला होता, असे म्हणणे योग्य ठरेल. त्या काळी मधल्या भागात भातशेती, खाजणे आणि लहान गावठाणे होती. सहा वर्षांत, 1934 मध्ये, हा मार्ग बंद झाला.

माझ्या मते मुंबईच्या वाहतुकीच्या इतिहासातील ही मोठी हानी आहे. मार्ग बंद झाल्यानंतर त्याच पट्ट्यात विमानतळ वाढला, कारखाने आले, अंधेरी–कुर्ला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कार्यालये उभी राहिली, पण पूर्व-पश्चिम जाण्यासाठी रुळांवरची सोय राहिली नाही. घाटकोपरहून अंधेरीला जायचे तर दादरपर्यंत खाली उतरून पुन्हा वर चढायचे, किंवा बसमध्ये तास-दीड तास घालवायचा. 8 जून 2014 रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो मार्गिका सुरू झाली. तिची लांबी 11.4 किलोमीटर असून तिच्यावर 12 स्थानके आहेत. तिचा मार्ग जुन्या रेल्वेचा नाही, पण गरज तीच आहे. एका बेटाला आपला आडवा लोहमार्ग परत मिळायला 80 वर्षे लागली. जागा मोकळी असताना टाकलेले रूळ जपून ठेवले असते तर पुढच्या दोन पिढ्यांचा प्रवास किती सुकर झाला असता, याचा हिशेब नगरनियोजनाच्या विद्यार्थ्यांनी मांडावा.

ट्रॉम्बेकडील भाग मात्र निराळ्या रूपाने टिकला. 1950 च्या दशकात तेथे तेलशुद्धीकरण कारखाने आणि अणुशक्ती केंद्र आले आणि मालवाहतुकीला नवे काम मिळाले. कुर्ला–चेंबूर मार्ग मानखुर्दपर्यंत वाढला. 1992 मध्ये ठाण्याच्या खाडीवरील पुलावरून गाडी वाशीला पोचली, आणि 1998 मध्ये पनवेलला. अशा रीतीने हार्बर मार्गाच्या एका फाट्याने बेट सोडून मुख्य भूमी गाठली. ठाण्याहून वाशी व पनवेलकडे जाणारा ट्रान्स-हार्बर मार्ग आणि उरणचा मार्ग हे स्वतंत्र आहेत. नामसादृश्यामुळे त्यांची गल्लत होते, म्हणून येथे नोंद केली. ते बहुतांशी मुख्य भूमीवरचे मार्ग आहेत आणि या लेखाच्या वर्गीकरणात बसत नाहीत.

जोडशाखेचा मूळ उद्देश मालवाहतुकीचा होता. आज तिचे काम बहुतांशी प्रवाशांचे आहे. गोद्यांचे मोठे काम न्हावा-शेवा येथे गेले, कापसाची कोठारे रिकामी झाली, गिरण्या बंद पडल्या. गाड्या मात्र वाढत राहिल्या. वडाळा आणि शिवडीच्या वस्त्यांतील लोक वांद्रे, अंधेरीच्या कार्यालयांत व घरांत कामाला जातात ते याच गाडीने. आषाढी एकादशीला वडाळ्याच्या प्रतिपंढरपूर म्हणवणाऱ्या विठ्ठल मंदिराकडे, बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील नोव्हेनाला, मखदूम अली माहिमी यांच्या उरुसाला आणि सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला जाणारा भाविक याच मार्गाचा आधार घेतो. चार निरनिराळी श्रद्धास्थाने आणि त्यांना जोडणारा पाच-सहा किलोमीटरचा एक लोहमार्ग, हे मुंबईचे खास वैशिष्ट्य मानावे लागेल. शिवडीच्या चिखलाच्या पट्टीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला येणाऱ्या पक्षीप्रेमींनाही हार्बरचेच स्थानक जवळ पडते. 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू तेथूनच सुरू होतो.

मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रावळीच्या फाट्यावर दोन दिशांच्या गाड्या एकमेकींना आडव्या येतात, त्यामुळे एका शाखेचा खोळंबा दुसरीलाही भोवतो. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की वडाळा आणि चुनाभट्टी हे सखल भाग पाण्याखाली जातात. ही खाजणाची जमीन आहे, आणि शंभर वर्षांनंतरही ती ते विसरलेली नाही. गाड्या मध्य रेल्वेच्या, तर माहीमपासूनचा प्रदेश पश्चिम रेल्वेचा, अशी दुहेरी व्यवस्था असल्याने समन्वयाचे कामही वाढते. जीआयपी आणि बीबीसीआय यांच्यातील जुनी सीमारेषा 1951 च्या पुनर्रचनेनंतर नव्या नावांनी कायम राहिली.

पुण्याहून जाणाऱ्या जिज्ञासूला हा मार्ग पाहणे अवघड नाही. डेक्कन क्वीनने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि हार्बरच्या फलाटांवरून, म्हणजे फलाट क्रमांक 1 किंवा 2 वरून, वांद्रे किंवा गोरेगावची गाडी घ्यावी. पनवेलची गाडी घेतल्यास वडाळ्याला उतरून बदलावी लागेल. 2018 पासून ही सेवा गोरेगावपर्यंत जाते, आणि ती पुढे बोरिवलीपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर आहे. प्रवास दुपारी करावा, म्हणजे बसायला जागा मिळते. शिवडीपर्यंत उजव्या खिडकीतून गोद्यांच्या भिंती आणि कोठारे दिसतात. किंग्ज सर्कल सोडल्यावर दोन्ही बाजूंना लक्ष ठेवावे, कारण मध्य रेल्वेचे रूळ खालून निघून जायला काही सेकंदच लागतात. माहीमनंतर खाडीच्या पुलावर डाव्या बाजूला बसलेल्याला समुद्राकडची दिशा मिळते.